साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा नर

"हात लावू नकोस," निलावार सर म्हणाले. "आधी फक्त बघ."

टेबलावर साडीचा खोका होता. सरांनी झाकण काढलं. आत कापसावर एक दगड आडवा ठेवलेला होता. वीतभर लांब, मनगटाएवढा जाड, एका टोकाला निमुळता, करडा-तांबूस. अंगावर आडव्या वळ्या.

"काय दिसतंय?"

मी सरांकडे पाहिलं. मग त्यांच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या उरकुडेकडे. उरकुडे म्हणजे आमच्या विभागातला सर्वांत जुना संशोधक विद्यार्थी. सर शिंकले तर स्वतःचा रुमाल काढणारा. तो गालातल्या गालात हसत होता.

मला काय दिसत होतं ते सांगायला फारसं शिक्षण लागत नव्हतं. ती विष्ठा होती. दगड झालेली, काही कोटी वर्षांपूर्वीची, पण विष्ठाच. आमच्या शास्त्रात तिला कॉप्रोलाइट असं सभ्य नाव आहे. खैरझरीच्या उतारावर असे शेकडो दगड पडलेले असतात आणि त्या गावातली मुलं ते एकमेकांना फेकून मारतात.

"कॉप्रोलाइट," मी म्हणाले.

सरांनी मान हलवली. "नीट बघ. टोक बघ. या वळ्या बघ. ज्योत्स्ना, हा नर आहे."

"कोण नर?"

"टायटॅनोसॉर." त्यांनी आवाज खाली आणला. खोलीत आम्ही तिघंच होतो, तरी आणला. "त्याचा अवयव आहे हा. जगातला पहिला."

उरकुडे म्हणाला, "पहिला, सर."

हे २००८ सालचं. डॉ. त्र्यंबक निलावार तेव्हा आमचे विभागप्रमुख होते, माझे गाइड होते, आणि चंद्रपूर भागातल्या जीवाश्मांबद्दल ज्याला काही विचारायचं असेल त्याला त्यांच्याच दारात यावं लागे. माझा प्रबंध टाइप होऊन त्यांच्या कपाटात पडला होता. त्यावर त्यांची सही झाली की विद्यापीठात जाणार होता. सही होत नव्हती.

टायटॅनोसॉर म्हणजे लांब मानेचे, झाडपाला आणि गवत खाणारे अवाढव्य डायनासोर. डायनासोरांच्या समागमाबद्दल जगाला काय माहीत आहे, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे साडीच्या खोक्यात काय ठेवलं होतं ते कळेल. फार थोडं माहीत आहे. मांस कुजतं. हाडं उरतात, अंडी उरतात, पावलांचे ठसे उरतात, विष्ठासुद्धा उरते. पण ज्या अवयवाची सगळ्यांना उत्सुकता असते तो आजवर एकाही डायनासोरचा सापडलेला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी चीनमधल्या एका लहानशा, कुत्र्याएवढ्या डायनासोरच्या शेपटीखालचं द्वार कातडीसकट जतन झालेलं आढळलं, तर जगभर बातम्या झाल्या. त्यातही आतलं काही दिसत नाही, तो नर होता की मादी तेही कळत नाही.

बाकी सगळं आम्ही बोलतो ते त्यांच्या आजच्या नातेवाइकांवरून. एकीकडे मगरी, दुसरीकडे पक्षी. दोघांनाही शेपटीखाली एकच द्वार, अवस्कर. मल, मूत्र, अंडी, वीर्य, सगळा कारभार तिथूनच. मगरीच्या नराचा अवयव त्या द्वाराच्या आत दडलेला असतो. बहुतेक पक्ष्यांनी तो केव्हाच टाकून दिला. बदकांनी आणि शहामृगांनी ठेवला. म्हणून डायनासोरच्या नरालाही तो असावा आणि एरवी आतच राहत असावा, इथपर्यंत म्हणता येतं. केवढा, कसा, ठाऊक नाही. पंधरा टनांचं जनावर तशाच दुसऱ्या जनावरावर हाडं न मोडता कसं चढत होतं, की चढतच नव्हतं, तेही ठाऊक नाही.

माझा विषय होता मादी. अंडी घालायच्या दिवसांत पक्ष्यांच्या माद्यांच्या हाडाच्या पोकळीत एक खास अस्तर तयार होतं. कवचासाठी लागणारं चुन्याचं कोठार म्हणा. तसं अस्तर अमेरिकेत एका मोठ्या मांसाहारी डायनासोरच्या मांडीच्या हाडात दिसलं होतं. मी खैरझरीच्या उतारावरची मांडीची हाडं कागदाइतकी पातळ कापून चार वर्षं ते शोधत होते. सापडलं नाही. म्हणून शेवटच्या प्रकरणात मी लिहिलं होतं, 'उपलब्ध पुराव्यावरून हे प्राणी नर होते की मादी ते ठरवता येत नाही.'

त्या वाक्याखाली सरांनी लाल रेघ मारली होती. "चार वर्षांनी हे? ठरवता येत नाही? अगं, हे सांगायला चार वर्षं कशाला लागतात?"

मी मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. सरांना मी तेव्हा वय झालेला, मानाला हपापलेला, पण मुळात भाबडा माणूस समजत होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. आयुष्यभर अंड्यांची टरफलं मोजलेल्या माणसाला शेवटी एक मोठा शोध हवासा वाटतो आणि मग त्याला दगडात हवं ते दिसायला लागतं, असं मी स्वतःला समजावलं.

त्या दगडाचा एक टवका निखळून कापसात पडला होता. दुसऱ्या दिवशी सर कुलगुरूंकडे गेले असताना मी तो घेतला, काचेवर चिकटवून आरपार दिसेपर्यंत घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गवताच्या पेशींमध्ये साठतात ते वाळूसारखे कण होते. कुजलेल्या पानांचे तंतू. एका कोपऱ्यात माशाचा एक खवला.

सर परत आल्यावर मी त्यांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला. बराच वेळ लावला. कणांवरून खवल्यावर, खवल्यावरून परत कणांवर, त्यांच्या हाताखाली काच हळूहळू सरकत होती.

"तुझं भिंग स्वच्छ नाही," ते म्हणाले आणि गेले.

पुढच्या आठवड्यात ते मला आणि उरकुडेला घेऊन आमदारांकडे गेले. गोवर्धन डाहाके, सगळे त्यांना भाऊ म्हणत. बंगल्यासमोर मंडप, मंडपात खुर्च्या, खुर्च्यांवर कामं घेऊन आलेली माणसं. आम्हाला थेट आत नेलं. खोका उघडला. भाऊंनी दगड पाहिला, मग दार लावून घ्यायला सांगितलं.

"हे त्याचं हाय?"

"हो, भाऊ," सर म्हणाले.

"बाप्पा!" भाऊंनी दगड उचलून तोलला. त्यांच्या दोन कार्यकर्त्यांनी माना वळवल्या आणि खांदे हलवून हसायला लागले. पन्नाशीची माणसं. एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मंग सर, ते करत कसे होते? एवढं मोठं धूड. शेपटी मधात येत असन ना?"

सरांचे कान लाल झाले. "त्याबाबत, म्हणजे, विविध मतं आहेत."

"मॅडमले विचारा," भाऊ म्हणाले, आणि ते दोघं आणखी हसले. बाईला विचारायचं यातच त्यांची अर्धी गंमत होती.

मी सांगितलं. शेपटीचा बुंधा ताठ असतो, म्हणून मादीने ती बाजूला वळवली असेल. काहींना वाटतं नर मागच्या पायांवर उभे राहत. काहींना वाटतं दोघं शेजारी शेजारी टेकत. पाण्यात करत असतील असंही पूर्वी म्हणत, त्याला पुरावा नाही. अवस्कर म्हणजे काय तेही सांगितलं. जितकी मी सरळ बोलत गेले तितकं त्यांचं हसू आटत गेलं. शेवटी ते तिघंही पंचायतीत बसल्यासारखे गंभीर झाले.

"म्हणजे कोणालेच मालूम नाही," भाऊ म्हणाले.

"नाही."

"अन् हे सापडलं तरी मालूम नाही?"

मी उत्तर देण्याआधीच सर बोलायला लागले. जागतिक वारसा, पर्यटन, तालुक्याचं नाव. आणि मग, अगदी शेवटी, जाता जाता आठवल्यासारखं, खैरझरीच्या उताराला कुंपण घालावं लागेल हे. त्या उताराचा मुरूम रस्त्याच्या कामासाठी जेसीबीने उचलला जात होता. दर खेपेला गेलो की उतार थोडा आखूड झालेला असे.

"आधी कार्यक्रम करू," भाऊ म्हणाले. "कुंपणाचं तिथं बोलतो."

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "माझ्यानंतर तू बोलायचंस. दोन वाक्यं. मी या नमुन्याची सूक्ष्म तपासणी केली आहे आणि तो मृदू अवयवाचा जीवाश्म आहे. संपलं."

"सर, तुम्ही स्वतः पाहिलंत त्यात काय आहे."

"दोन वाक्यं, ज्योत्स्ना. परवा सकाळी तुझ्या प्रबंधावर सही करतो."

त्या रात्री मी जेवले नाही. आईने विचारलं तर पित्त झालंय म्हणून सांगितलं. बाबा नव्हते, धाकटा भाऊ शिकत होता, आणि विभागात व्याख्यात्याची जागा निघणार होती. दोन वाक्यं. मी ती पाठ करून पाहिली. पाठ झाली, यात नवल नाही.

तालुक्याच्या सभागृहात दगड काचेच्या पेटीत ठेवला होता आणि पेटीला झेंडूचा हार घातला होता. हार कुणी घातला मला माहीत नाही, पण तो घालताना त्या माणसाच्या मनात काय होतं हे जाणून घ्यायला मला आजही आवडेल. कन्याशाळेच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं. गीत संपताच निवेदकाने जाहीर केलं की पुढचा विषय नाजूक असल्याने मुलींनी बाहेरच्या पटांगणात बसावं. दुसरी-तिसरीपासून दहावीपर्यंतच्या मुली, दोन वेण्या घातलेल्या, उन्हात जाऊन बसल्या. मुलांच्या शाळेतली मुलं आतच राहिली. त्यांच्यासाठी विषय नाजूक नव्हता.

मागे उरकुडेने काढलेला तक्ता होता. लांब मानेचा टायटॅनोसॉर आणि पोटाखाली एक लाल बाण. बाणाच्या टोकाशी त्याने जे रंगवलं होतं त्यावर आयोजकांनी ऐनवेळी पांढरा कागद चिकटवला होता. त्यामुळे सबंध सभागृह भाषणभर त्या कोऱ्या कागदाकडे टक लावून पाहत होतं.

सर बोलले. सृजनशक्ती म्हणाले, पौरुष म्हणाले, या मातीचं आदिम वीर्य म्हणाले. अवयवाचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. पत्रकार लिहून घेत होते. मग त्यांनी माझं नाव पुकारलं.

मी माइकसमोर उभी राहिले. "मी या नमुन्याची सूक्ष्म तपासणी केली आहे," मी म्हणाले. इथपर्यंत ठीक होतं. ते खरंच होतं.

पुढचं वाक्य आलं नाही. मी थांबले.

भाऊंना वाटलं मुलगी लाजली. ते त्यांच्या खुर्चीवरून मोठ्याने म्हणाले, "बोला मॅडम, बिनधास्त बोला. हे त्याचंच हाय ना?"

"त्याचंच आहे," मी म्हणाले. "पण अवयव नाही. शेण आहे."

आधी कुणालाच ऐकू आल्यासारखं वाटलं नाही. मग मागच्या रांगेतून एक हसू फुटलं आणि पुढे पुढे येत गेलं. मी गवताच्या कणांबद्दल सांगितलं, माशाच्या खवल्याबद्दल सांगितलं. कुणाचा अवयव गवत खात नाही, असंही बोलून गेले. ते तयारीत नव्हतं. सर उठले. "ज्योत्स्नाचा अभ्यास हाडांपुरता मर्यादित आहे," ते म्हणाले, पण माइक माझ्याकडे होता.

भाऊ उठून माझ्याजवळ आले. आता मला व्यासपीठावरून उतरवणार, असं मला वाटलं.

"शेण?" त्यांनी विचारलं. "पण डायनासोरचंच ना?"

"बहुतेक हो."

"किती जुनं?"

"साडेसहा कोटी वर्षं. थोडं जास्तच."

"अन् असं शेण सगळीकडं भेटते काय?"

"नाही. जगात फार थोड्या ठिकाणी इतकं आहे."

भाऊंनी माझ्या हातातला माइक घेतला. "बंधू-भगिनींनो, ऐकलं काय? साडेसहा कोटी वर्षांचं शेण, अन् ते आपल्या तालुक्यात!" टाळ्या. "उद्यापासून खैरझरीवर एक घमेलं मुरूम कोणी उचलणार नाही. तारेचं कुंपण होईल, चौकीदार बसेल." पुन्हा टाळ्या. मग ते दाराकडे वळले. "अरे, त्या पोरींले आत बोलवा! शेण हाय. शेणाले काय लाजायचं?"

मुली आत आल्या. पाचेक मिनिटांत त्या पेटीभोवती गोळा होऊन मला गवताबद्दल विचारत होत्या. भाऊंनी तिथूनच फोन लावून जेसीबी थांबवला. उरकुडेने तक्त्यावरचा कागद ओढून काढला, मग खाली काय आहे ते आठवून घाईने तक्ताच गुंडाळला.

परतीच्या जीपमध्ये तो आला नाही. कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गेला. सर पुढे ड्रायव्हर बंडूजींशेजारी बसायचे ते माझ्याशेजारी मागे बसले. तासाभराचा रस्ता मागे पडला. ऊन उतरलं होतं.

"तुला वाटतं मला माहीत नव्हतं?" सर म्हणाले.

मी वळून पाहिलं.

"तीस वर्षं फिरतोय मी त्या उतारावर. ते काय आहे ते मला डोळे मिटून नुसत्या हाताने कळेल."

"तुम्ही म्हणालात भिंग स्वच्छ नाही."

"मग काय म्हणायचं होतं?" ते शांत होते, जवळजवळ प्रेमळ. "उतार जात होता, ज्योत्स्ना. तुलाही दिसत होतं. तीन वर्षं मी अंड्यांचे फोटो घेऊन मुंबईपर्यंत गेलो. एका साहेबाने मला तोंडावर विचारलं, अंडी आहेत तर आता काय, आम्लेट करायचं? त्या दिवशी मला कळलं, या लोकांना अंडी चालत नाहीत. यांना नर लागतो. म्हणून नर दिला."

क्षणभर माझा राग हलला. खरंच हलला. तीन वर्षं हा माणूस एकटा दारोदार हिंडला होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

"पण मग सरळ शेणच का नाही नेलंत?" मी विचारलं. "आज पाच मिनिटांत काम झालं."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी अश्लील बोलले होते.

"शेण घेऊन जायचं? आमदाराच्या बंगल्यावर? मी?"

मला हसू आलं. आवरलं नाही. बंडूजींनी आरशातून पाहिलं. खोटं बोलायला ज्याची मान खाली गेली नाही, त्याची शेणाचं नाव घ्यायला गेली होती. तीन वर्षं तो उतार जेसीबीखाली गेला तो एवढ्यासाठी.

"हसू नकोस," सर म्हणाले. "माझी काही प्रतिष्ठा आहे."

"आणि मला का उभं केलंत? उरकुडे होता. त्याने हवं ते म्हटलं असतं."

"उरकुडेवर कोण विश्वास ठेवणार?" सर माझ्याकडे वळून बसले. आता ते शिकवताना बोलायचे तसं बोलत होते. "तुझं तसं नाही. चार वर्षांत तू एकदाही पुराव्याबाहेर बोलली नाहीस. बाहेरच्या तज्ज्ञांनाही ते माहीत आहे. तू 'आहे' म्हटलंस की कुणी तोंड उघडलं नसतं. मी नीट विचार करून तुझं नाव घातलं होतं."

हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं. मला ते कौतुक वाटावं अशी त्यांची अपेक्षाही होती. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. माझ्या सरळपणाला ते चार वर्षं नावं ठेवत आले होते, आणि त्याच वेळी तो कुठे वापरता येईल हे मनात धरून बसले होते.

"सही उद्या करतो," ते म्हणाले. "झालं गेलं सोडून दे. कुंपण होणार ना? मग नुकसान कुणाचं झालं, सांग."

त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. चष्मा काढून रुमालाने पुसत ते उत्तराची वाट पाहत होते.

"बंडूजी, थांबवा," मी म्हणाले.

वरोऱ्याच्या अलीकडे एक पेट्रोलपंप होता. मी उतरले. सर म्हणाले हा काय वेडेपणा, बस मिळायची नाही, बस आत. मी दार लावून घेतलं. जीप थोडी पुढे जाऊन थांबली. मागचे लाल दिवे पेटलेलेच राहिले. मी जागची हलले नाही. मग ते विझले आणि जीप गेली.

ती सही मी घेतली नाही. दुसऱ्या गाइडकडे नोंदणी करून प्रबंध पुन्हा उभा करायला मला तीन वर्षं लागली. तेवढ्यात व्याख्यात्याच्या जागेवर उरकुडे बसला, अजूनही आहे. कुंपण झालं, ते टिकलं, आणि मुली सहलीला येतात. सरांनी त्यानंतर माझ्याशी बोलणं टाकलं, मात्र निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ते सांगत राहिले की ज्योत्स्ना झाडे हुशार होती, फक्त तिला माणसं ओळखता आली नाहीत.

त्या संध्याकाळपर्यंत ते खरंच होतं.